अ‍ॅक्सिलरेटरचा स्पर्श आणि इंजिनाची दाद : परफॉर्मन्स गाड्यांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थ्रॉटल रिस्पॉन्स आणि पिकअप या दोन्ही गोष्टी एकच आहेत का?

नाहीत. गाडी किती झपाट्याने वेग घेते ते पिकअप. थ्रॉटल रिस्पॉन्स म्हणजे पायाच्या हालचालीला इंजिनाने दिलेली दाद. या दादेत दोन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पाय हलल्यापासून चाकांवरचा जोर बदलेपर्यंत लागणारा वेळ ही पहिली, आणि पाय जितका हलला तितकाच जोर बदलला का, हे प्रमाण ही दुसरी. पाचशे अश्वशक्तीची गाडी या दोन्ही बाबतींत मठ्ठ असू शकते आणि सव्वाशे अश्वशक्तीची हलकी गाडी दोन्हींत तरबेज असू शकते. बहुतेक गैरसमज वेळ आणि प्रमाण यांची गल्लत केल्यामुळे होतात. पेडलला नुसता पाय लागताच उसळणारी गाडी चपळ वाटते. प्रत्यक्षात तिच्या इंजिनाने एक सहस्रांश सेकंदही वाचवलेला नसतो, फक्त प्रमाण बदललेले असते.

पेडल दाबल्यावर आत नेमके काय घडते?

जुन्या गाड्यांत पेडलला जोडलेली पोलादी केबल थेट थ्रॉटल बॉडीतील गोल झडप फिरवत असे. पाय जितका खाली जाई तितकी झडप उघडे आणि तितकी हवा इंजिनात शिरे. आता पेडलपाशी केबल नसते. तिथे पेडलचा कोन मोजणारे दोन सेन्सर असतात आणि त्यांची व्होल्टेज मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असतात. अनेक गाड्यांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मे असते, म्हणजे एकाने खोटे सांगितले की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) विसंगती लगेच कळते. ईसीयू हा आकडा वाचतो, ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीवरील छोट्या विद्युत मोटरला झडप किती फिरवायची ते सांगतो. ही रचना १९८७ साली आलेल्या बीएमडब्ल्यू ७५०आयच्या व्ही-१२ इंजिनात होती. पुढे १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ती आली आणि त्यानंतर काही वर्षांतच सर्वसामान्य झाली. होंडा एस२००० सारखी चालकप्रिय गाडीसुद्धा २००६ च्या मॉडेलपासून केबल सोडून तिकडे वळली.

यात ‘ठरवतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बॉशची एमई७ ही प्रणाली आली. तेव्हापासून पेडल म्हणजे झडपेचा दांडा राहिला नाही, तो टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरासाठी, केलेला अर्ज झाला. तसाच अर्ज गिअरबॉक्स करतो, चाके घसरू न देणारी ट्रॅक्शन कंट्रोल करते, एसीचा कॉम्प्रेसरही करतो. ईसीयू या सगळ्यांची सांगड घालून किती हवा, किती इंधन आणि ठिणगी केव्हा हे ठरवतो. काही इंजिनांत तर झडपेचे कामच दुसरीकडे गेले आहे. बीएमडब्ल्यूच्या व्हॅल्व्हट्रॉनिक रचनेत, जी २००१ पासून वापरात आहे, हवेचे प्रमाण इनटेक व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्यावर ठरते आणि थ्रॉटलची झडप बहुतेक वेळ जवळपास उघडीच असते.

केबलच्या गाड्यांचा स्पर्श अधिक चांगला होता असे म्हणतात. हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. केबलमध्ये चालक आणि झडप यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नसल्यामुळे दाद नेहमी सारखीच मिळे. इंजिन थंड असो वा गरम, गिअर कोणताही असो, अर्ध्या पेडलला झडप ठरावीक कोनातच उघडे आणि पायाला त्याची सवय होई. यातून मिळणारा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. झडप एका जागी स्थिर असली की इंजिनाचे फेरे वाढतात तसा टॉर्क आपोआप कमी होतो, म्हणून गाडी स्वतःहून एका वेगावर स्थिरावते. टॉर्कच्या अर्जावर चालणाऱ्या गाडीत, मॅप (किती पेडलला किती टॉर्क, याचा तक्ता) काळजीपूर्वक लिहिलेला नसेल तर, तोच टॉर्क टिकवण्यासाठी ईसीयू झडप उघडत राहतो आणि पाय हलला नसतानाही गाडी पुढे ओढत असल्यासारखी वाटते. म्हणूनच चांगल्या पेडल मॅपमध्ये पेडलच्या कोनाबरोबर इंजिनाचे फेरेही विचारात घेतलेले असतात.

खोटा भाग स्मरणरंजनाचा आहे. केबल गंजते, सैल पडते, तिच्या आवरणात घर्षण वाढते. मी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची तपासणी करताना एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगतो आणि बॉनेट उघडून झडपेचा दांडा आपल्या टोकाच्या खुंटीला टेकला का ते पाहतो. पुष्कळदा दांडा आणि खुंटी यांच्यात बोटभर फट राहिलेली दिसते, आणि कारण असते पेडलखाली नंतर घातलेला जाड गालिचा. त्या गाडीची शेवटची काही अश्वशक्ती कित्येक वर्षे गालिच्याखाली दडलेली असते.

इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये केबल नाही, मग पायाला जोर कशाचा जाणवतो?

स्प्रिंगचा आणि मुद्दाम घातलेल्या घर्षणाचा. नुसती स्प्रिंग ठेवली तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर पाय थरथरतो आणि गाडीही थरथरते. म्हणून पेडल दाबताना थोडा जास्त आणि सोडताना थोडा कमी जोर लागेल अशी रचना करतात. या दोहोंतील अंतरामुळे पाय एका जागी निवांत टेकून राहू शकतो. हे अंतर फार झाले तर पेडल चिकट वाटते आणि फार कमी झाले तर पोकळ. ऑटोमॅटिक गाड्यांत पेडलच्या अगदी तळाशी जो ‘टक्’ असा अडसर लागतो तो किकडाउनचा. तिथून पुढे दाबले की गिअरबॉक्स शक्य तितका खालचा गिअर निवडतो.

स्पोर्ट मोड लावल्याने इंजिनाची ताकद वाढते का?

बहुतेक गाड्यांत वाढत नाही. बदलतो तो पेडल मॅप, म्हणजे पेडल किती टक्के दाबल्यावर किती टॉर्क मागायचा याचा तक्ता. साध्या मोडमध्ये पेडल निम्मे दाबल्यावर उपलब्ध टॉर्कचा निम्मा वाटा मिळत असेल, तर स्पोर्टमध्ये तेवढ्याच पेडलला तीन चतुर्थांश मिळू शकतो. पेडल पूर्ण दाबल्यावर दोन्ही मोड एकाच ठिकाणी पोहोचतात. (ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलण्याची पद्धतही बदलते आणि खरा फरक अनेकदा तिथूनच येतो.)

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर गाडीच्या दोषनिदानाच्या पोर्टला जोडायचा साधा रीडर पुरतो. त्यावर पेडलचा कोन आणि थ्रॉटलचा कोन असे दोन आकडे शेजारी शेजारी लावावेत. शेजारी बसलेल्या माणसाने ते पाहावेत आणि चालकाने पेडल अगदी सावकाश दाबावे. साध्या मोडमध्ये पेडलचा आकडा वर चढत असताना झडपेचा आकडा सुरुवातीला मागे रेंगाळतो. स्पोर्टमध्ये तोच आकडा पेडलच्या पुढे धावतो आणि पेडलचा बराच प्रवास शिल्लक असतानाच आपल्या कमाल मर्यादेला जाऊन थबकतो. त्यापुढे पाय खाली जातो, पण आकडा हलत नाही.

हाच या मोडचा तोटा आहे. वळणातून बाहेर पडताना चालकाला हवी असते ती मधल्या टप्प्यातली बारीक मोजणी, थोडे अधिक, थोडे कमी. मॅप सुरुवातीलाच उधळून टाकला तर ही सगळी मोजणी पेडलच्या पहिल्या बोटभर प्रवासात कोंबली जाते. शर्यतीच्या गाड्यांचे पेडल म्हणूनच सहसा लांब प्रवासाचे आणि समप्रमाणात वाढणारे असते. फॉर्म्युला वनच्या तांत्रिक नियमांतही, ठरावीक फेऱ्यांवर पेडल अधिक दाबल्यास मागितलेला टॉर्क वाढतच गेला पाहिजे, अशी अट आहे. माझे मत विचाराल तर सवयीच्या चालकाने स्पोर्ट मोडचे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन घ्यावे, पण वेगवेगळी निवड करण्याची सोय असेल तर इंजिनाचा मॅप साध्या मोडवर ठेवावा.

पेडल थोडेसे दाबताच गाडी झेप घेते आणि पुढे फारसे काही होत नाही, असे का वाटते?

त्याला मॅपइतकीच भूमितीही कारणीभूत आहे. गोल झडप ४५ अंश फिरली तरी वाट जेमतेम ३० टक्के मोकळी होते. हे ऐकून उलट वाटेल की सुरुवातीला काहीच घडायला नको. पण इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर असताना त्याची हवेची भूकच लहान असते आणि एवढ्या वाटेतून ती पूर्ण भागते. झडप आणखी उघडून उपयोग नसतो. तेच इंजिन ६,५०० फेऱ्यांवर असताना मात्र शेवटच्या अंशापर्यंत फरक पडतो. थोडक्यात, कमी फेऱ्यांवर पेडलच्या प्रवासाचा सुरुवातीचा भाग काम करतो आणि जास्त फेऱ्यांवर सगळा. केबलच्या काळात अभियंते झडपेवरची चाकी गोल न ठेवता लंबगोल करून हे थोडेफार सावरत. आता तेच काम तक्त्यातल्या आकड्यांनी होते.

पेडल आणि ईसीयू यांच्यामध्ये लावायची ‘थ्रॉटल कंट्रोलर’ नावाची डबी घ्यावी का?

ती डबी पेडलच्या सेन्सरचा आकडा फुगवून पुढे पाठवते, एवढेच तिचे काम. म्हणजे वर वर्णन केलेला स्पोर्ट मोडच, पण गाडीच्या इतर प्रणालींना विश्वासात न घेता लावलेला. इंजिनाचा टॉर्क वाढत नाही आणि टर्बो लवकर फिरत नाही. फारच सुस्त मॅप असलेल्या गाडीत चालवायला बरे वाटू शकते, हे मान्य. पण ज्या सेन्सरांच्या जोड्या सुरक्षिततेसाठी ठेवल्या आहेत त्यांच्या मध्ये तिसऱ्याने हात घालणे मला रुचत नाही.

टर्बो लॅग आणि थ्रॉटल रिस्पॉन्स यांचा संबंध काय?

टर्बो गाड्यांत दादेचे दोन हप्ते पडतात. पेडल दाबताच झडप उघडते आणि इंजिन टर्बोविना जितके देऊ शकेल तितका टॉर्क लगेच मिळतो. उरलेला टॉर्क बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, तयार झाल्यावर येतो आणि बूस्टसाठी टर्बाइनला एक्झॉस्टच्या वायूने मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्यांपर्यंत फिरवावे लागते. या दोन हप्त्यांमधली पोकळी म्हणजे लॅग. १९७५ च्या पहिल्या पोर्शे ९११ टर्बोची जी दहशत होती ती यामुळेच. वळणात दाबलेल्या पेडलचे उत्तर वळण संपता संपता, एकदम आणि सगळे मिळे.

इथे आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. इंजिनाचे फेरेच इतके कमी आहेत की कितीही थांबले तरी पूर्ण बूस्ट होणार नाही, ही बूस्टच्या उंबरठ्याची अडचण आहे. तिच्यावर उपाय चालकाच्या हातात आहे : खालचा गिअर. फेरे पुरेसे असूनही वाट पाहावी लागत असेल तर तो खरा लॅग, आणि त्यावरचे उपाय अभियंत्याच्या हातात आहेत. लहान व हलकी टर्बाइन, दोन मार्गांचे ट्विन-स्क्रोल आवरण, इंजिनाजवळ आणलेला टर्बो हे सारे त्यासाठीच. अलीकडचा सर्वांत थेट उपाय म्हणजे टर्बोच्या दांड्यावरच विद्युत मोटर बसवून एक्झॉस्टची वाट न पाहता तो फिरवणे. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ ते २०२५ या काळात हे तंत्र होते. रस्त्यावर ते २०२२ साली मर्सिडीज-एएमजी एसएल ४३ मध्ये आणि २०२४ साली पोर्शे ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये आले.

सॉफ्टवेअरनेही बरेच साधते. २०१५ साली फेरारीने ४८८ जीटीबीसाठी टर्बो स्वीकारला तेव्हा प्रत्येक गिअरसाठी टॉर्कचा आलेख वेगळा ठेवला आणि ७६० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क फक्त सातव्या गिअरमध्ये मोकळा केला. खालच्या गिअरांत टॉर्क फेऱ्यांबरोबर चढत जावा, टर्बोविना चालणाऱ्या इंजिनासारखा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे हातात असलेली ताकद प्रमाणासाठी मुद्दाम दाबून ठेवली गेली. या विषयातले सगळ्यात शहाणपणाचे उदाहरण म्हणून मी हेच सांगतो.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असण्याचा फायदा कोणता?

एकच झडप असेल तर तिच्या आणि सिलिंडरच्या मध्ये इनटेक मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांची) मोठी पोकळी असते. झडप उघडल्यावर आधी ती पोकळी भरावी लागते आणि पाय उचलल्यावर आधी ती रिकामी व्हावी लागते. झडपा प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी नेल्या की ही मधली टाकीच नाहीशी होते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ चे ३.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, टोयोटाचे २० व्हॉल्व्हचे ४ए-जीई आणि आताच्या ९९२ पिढीतील पोर्शे ९११ जीटी३ चे ४ लिटरचे इंजिन ही त्याची गाजलेली उदाहरणे. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनात तर दोन टर्बो असूनही सहा झडपा होत्या. दोष इतकाच की सहा झडपांचा समतोल राखणे हे जिकिरीचे काम आहे. एक जरी किंचित मागेपुढे झाली तरी आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसते चालू असताना, ते अडखळू लागते.

हलके फ्लायव्हील बसवल्याने दाद सुधारते का?

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसवलेले जड चाक. ते हलके केल्यास दाद सुधारते : क्लच दाबलेला असताना निश्चित, आणि खालच्या गिअरांत जाणवण्याइतकी. गाडीला पुढे ढकलताना इंजिनाला स्वतःच्या फिरत्या भागांनाही वेग द्यावा लागतो आणि हा बोजा गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर पाचव्याच्या चौपट असेल तर फ्लायव्हीलचा बोजा पहिल्यात सोळापट जाणवतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्यात हलके फ्लायव्हील जादू करते आणि पाचव्यात ते असल्याचे आठवतही नाही. बदल्यात आयडल खडबडीत होते, गाडी उठवताना इंजिन बंद पडण्याची शक्यता वाढते आणि गिअरबॉक्सचा खडखडाट ऐकू येतो. फिरते भाग हलके ठेवण्याचे टोक पाहायचे असेल तर लेक्सस एलएफए पाहावी. तिचे ४.८ लिटरचे व्ही-१० इंजिन आयडलवरून ९,००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदात जाते. काट्याचा टॅकोमीटर (फेरे दाखवणारा मापक) त्याचा पाठलाग करू शकत नसल्याने तिला डिजिटल टॅकोमीटर द्यावा लागला.

पाय उचलला तरी फेरे लगेच का उतरत नाहीत?

यात फ्लायव्हीलचा वाटा आहेच, पण आधुनिक गाड्यांत मुख्य कारण प्रदूषणनियंत्रण हे असते. झडप झटकन मिटली तर मॅनिफोल्डमध्ये निर्वात वाढतो, मिश्रण बिघडते आणि न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाते. म्हणून ईसीयू झडप टप्प्याटप्प्याने मिटवतो. मॅन्युअल गिअरच्या गाडीत वरचा गिअर टाकताना हा उशीर फार खटकतो, कारण फेरे उतरायच्या आत क्लच सोडला की गाडीला धक्का बसतो.

पेडलवर पाय ठेवताना आणि काढताना गाडीला झटका का बसतो?

इंजिनापासून चाकांपर्यंत प्रत्येक दात्यात आणि जोडात थोडी ढिलाई असते. जोर उलट दिशेने फिरला की ती ढिलाई आधी भरून निघते आणि मग आघात होतो. त्यातच इंजिन आपल्या रबरी माउंटांवर डोलते आणि ड्राइव्हशाफ्ट स्प्रिंगसारखे पिळवटतात, त्यामुळे गाडी दोन-चार वेळा मागेपुढे हिंदकळते. हे टाळण्यासाठी ईसीयू पहिल्या क्षणी टॉर्क जरा हळू सोडतो आणि हिंदकळा जाणवल्यास ठिणगीची वेळ मागेपुढे करून तो दाबतो. ठिणगीच का, तर हवेपेक्षा ती फार जलद आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० फेऱ्यांवर दर १० सहस्रांश सेकंदांनी एक स्फोट होतो आणि प्रत्येक स्फोटाची ठिणगी स्वतंत्रपणे बदलता येते. मॅनिफोल्डमधली हवा बदलायला मात्र अनेक स्फोटांचा काळ जातो. झटका अलीकडे वाढला असेल तर ईसीयूला दोष देण्याआधी इंजिनाचे माउंट तपासावेत.

टाच-पंजा पद्धतीने गिअर उतरवताना पेडल कसे असावे?

टाच-पंजा म्हणजे एकाच पायाने ब्रेक दाबत असताना अ‍ॅक्सिलरेटरही दाबून फेरे खालच्या गिअरशी जुळवणे. त्यासाठी ब्रेक जोरात दाबलेला असताना त्याचे पेडल अ‍ॅक्सिलरेटरच्या साधारण पातळीत आले पाहिजे, म्हणजे पंजा ब्रेकवर ठेवून पायाची बाहेरची कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवता येते. ब्रेक न दाबता केलेली पाहणी इथे फसवी ठरते. जमिनीला बिजागरी असलेले पेडल टाचेबरोबर फिरते, म्हणून अनेकांना ते लटकत्या पेडलपेक्षा सोयीचे वाटते. काही गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यास ईसीयू सुरक्षिततेसाठी टॉर्क कापतो आणि फेरे चढत नाहीत. हे काम गाडीवरच सोपवायचे असेल तर २००९ च्या निसान ३७०झेडपासून मॅन्युअल गाड्यांतही आपोआप फेरे जुळवण्याची सोय मिळू लागली.

विद्युत गाड्यांत तर लॅग नसतो, मग हा प्रश्नच मिटला ना?

वेळेचा मिटला, प्रमाणाचा नाही. मोटर काही सहस्रांश सेकंदांत पूर्ण टॉर्क देऊ शकते, पण तसा तो दिला तर टायर घसरतील आणि प्रवाशांच्या माना हिसकतील. म्हणून तो मुद्दाम उतार देऊन सोडावा लागतो. शिवाय एकाच पेडलमध्ये वेग वाढवणे आणि ब्रेकसारखे रोखणे अशा दोन्ही गोष्टी बसवायच्या असतात. कुठे ओढ संपते आणि कुठे रोध सुरू होतो ती जागा पायाला सापडली नाही, तर गाडी सतत डुचमळत राहते.

दाद पूर्वीपेक्षा मंदावली असेल तर काय तपासावे?

आधी झडप. तिच्या कडेला काजळी आणि तेलाचा थर साचतो, आणि अगदी थोडे उघडताना तो सर्वाधिक अडतो. थर साफ केल्यावर ईसीयूला आयडलची जागा नव्याने शिकवावी लागते, नाहीतर काही काळ फेरे चढलेले राहतात. पुढे एअरफ्लो सेन्सर, टर्बो गाडीत हवेच्या नळ्यांची गळती आणि एअर फिल्टर पाहावे. पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे जुळेनासे झाले तर गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून कसेबसे चालण्याच्या अवस्थेत, जाते. ते दुखणे साफसफाईने बरे होत नाही, पेडलचा संचच बदलावा लागतो.

गाडी विकत घेण्यापूर्वी दाद कशी पारखावी?

पेडल तळापर्यंत दाबून पारखू नये, त्यात फक्त ताकद कळते. मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवर गाडी स्थिर ठेवावी, पेडल किंचित दाबावे, थांबावे, किंचित सोडावे. प्रत्येक वेळी तितकाच फरक जाणवतो का ते पाहावे. मग तेच ४,५०० फेऱ्यांवर करावे. शेवटी माणसाच्या चालीने गाडी सरपटवून पाहावी. इथे जी गाडी हिसके देते तिचा मॅप विक्रीसाठी लिहिलेला आहे, चालवण्यासाठी नाही.

बूट आणि बसण्याची जागा यांनी फरक पडतो का?

पुष्कळ पडतो. टाच जमिनीवर पक्की टेकलेली असावी आणि पेडल घोट्याने दाबले जावे, गुडघ्याने नव्हे. सीट फार मागे असली की मांडी पुढे ढकलावी लागते आणि बारीक मोजणी सुटते. तळवा पातळ आणि अरुंद असावा. जाड, मऊ तळव्याच्या बुटात पेडलची पहिली हालचाल बुटातच जिरते. मॅट आपल्या खुंट्यांना अडकवलेली हवी आणि एकावर दुसरी अंथरू नये. सरकलेली मॅट पेडलला अडकून ते दाबलेलेच राहू शकते.